एअर हॉकी: चार फुटी टेबल की आठ फुटी?

जुळे सोलापुरातल्या भाचीला मुलांसाठी टेबल घ्यायचंय, पण घरात एकमत होईना.

जागा आणि पैसा बघितला तर छोटं सरळ जिंकतं. धुळीचं दुखणं दोन्हींना आहे. टेबलाच्या बारीक छिद्रांतून वर येणाऱ्या हवेवर पक, म्हणजे खेळायची चपटी चकती, तरंगत सरकतो. आपल्याकडची धूळ त्या छिद्रांत बसली की हवा अडते आणि पक घासत चालतो. झाकण हवंच.

खरा फरक खेळात पडतो. स्पर्धा आठ फुटी टेबलावर होतात, आधी 7 गोल करेल त्याचा गेम. पक टोलवायचं हातातलं मॅलेट बोटांनी हलकं धरायचं, गोलच्या थोडं पुढे राहून बचाव करायचा, कडेला आपटून कोनातून मारायचं. हे त्या लांबीवरच अंगवळणी पडतं. छोट्यावर नुसती टोलवाटोलवी.

सुट्टीपुरती मौज हवी तर चार फुटी घ्या. मुलांना स्पर्धेत उतरायचं असेल, तर सोसायटीत वर्गणी काढून आठ फुटीच.