जागेपणातून थेट स्वप्नात: आकडे, बोटं, इंद्रियं की योगनिद्रा?

सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. पहाटे साडेतीनचा गजर लावायचा, मोटार सुरू करायची, हौद भरेपर्यंत जांभया देत बसायचं आणि मग पुन्हा अंथरुणात शिरायचं, हे इथल्या कित्येक घरांच्या अंगवळणी पडलंय. ल्युसिड ड्रीमचा नाद लागलेल्यांना मात्र या कटकटीचा फायदा आहे. भान न सोडता स्वप्नात शिरायच्या बहुतेक पद्धतींची पहिली अट हीच असते: साडेचार ते सहा तास झोप काढा, थोडा वेळ जागे राहा आणि परत आडवे व्हा.

स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळलं की ते सजग स्वप्न, म्हणजेच ल्युसिड ड्रीम. बहुतेकांना ते मधेच कळतं. शाळेतले गणिताचे सर सात रस्त्याला रिक्षा चालवताना दिसतात आणि एकदम ट्यूब पेटते. दुसरा रस्ता थेट आहे. शरीर झोपतं, भान जागंच राहतं आणि समोर स्वप्न उभं राहतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘वाइल्ड’ म्हणतात. माझ्याकडे चौकशी करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हाच रस्ता हवा असतो, कारण ऐकायला तो भारी वाटतो.

आधी थोडं पाणी ओततो. स्टॅनफर्डचे स्टीफन लॅबर्ज यांनी प्रयोगशाळेत खातरजमा झालेली ७६ सजग स्वप्नं तपासली. त्यांतली ५५ मधेच भान आलेली होती, थेट शिरलेली फक्त २१. म्हणजे सरावलेल्या माणसांतही थेट प्रवेश २८ टक्क्यांच्या आसपास. ही खातरजमा कशी करतात, असं विचाराल तर डोळ्यांवरून. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, अंगाचे स्नायू सैल पडतात, पण डोळे हलवता येतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या देखरेखीखाली झोपलेल्या ॲलन वर्सली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डावी-उजवीकडे डोळे हलवून दाखवले होते. तेव्हा हे थोतांड नाही. सोपंही नाही, एवढंच.

पहाटच का, तेही सांगतो. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. रात्रीच्या पहिल्या चक्रांत गाढ झोप जास्त असते आणि रेमचे तुकडे छोटे. पहाटेकडे हे तुकडे लांबत जातात. रात्री अकराला पाठ टेकल्या टेकल्या वाइल्डच्या मागे लागणं म्हणजे सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायला आदल्या रात्रीच फलाटावर जाऊन उभं राहणं. गाडी यायच्या आत तुम्ही बाकड्यावर घोरत पडलेले असता. त्यामुळे पुढच्या चारही पद्धती पहाटेच्याच आहेत असं धरून चाला.

आकडे

ही लॅबर्ज यांनी शिकवलेली पद्धत. पाठीवर पडायचं, अंग सैल सोडायचं आणि मनात मोजायचं: ‘एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे.’ बस्स.

करताना काय होतं ते जरा जवळून बघू. आधी मिटलेल्या डोळ्यांपुढे करडे-जांभळे डाग तरंगतात. मग रेघा, जाळ्या. त्यानंतर अनोळखी चेहरे, कुठली तरी ओली भिंत, कुणाचं तरी अर्धवट वाक्य. मोजणी अशी व्हायला लागते: ‘बावीस, मी स्वप्नात आहे, तेवीस, मी... तेवीस, हौदाचं झाकण... तेवीस, मामा कुठं गेले?’ आकडा असा सांडायला लागला की समजायचं, काठावर आलो. मुकाट चोविसावर यायचं. पंख्याचा आवाज एकदम वाढतो, कानात घूं घूं सुरू होतं, पलंग खाली चाललाय असं वाटतं. नवखा माणूस इथे हमखास डोळे उघडतो नाहीतर ‘आलं, आलं!’ म्हणून खूश होतो. दोन्हींचा परिणाम एकच, लख्ख जाग. समोर दिसणाऱ्या चित्रांना धरायला जायचं नाही. ती येऊ द्यायची, जाऊ द्यायची. एखादं चित्र स्थिर होऊन त्याला खोली आली की त्यात शिरायचं.

चौघांत अस्सल वाइल्ड हीच, पाहायला सगळ्यात जास्त हिच्यातच मिळतं, आणि हुकतेही हीच जास्त. मोजायचं म्हणजे मेंदूला काम देणं. ज्यांची झोप आधीच नाजूक आहे ते सातशेपर्यंत मोजत राहतात आणि उजाडतं. शिवाय उताणं झोपून भान धरून ठेवल्यामुळे स्लीप पॅरालिसिसची, म्हणजे मन जागं पण अंग हलत नाही अशा अवस्थेची, गाठ पडण्याची शक्यता इथे जास्त. त्याबद्दल पुढे.

बोटं

हिला सराव करणारे ‘फिल्ड’ म्हणतात. मोटार बंद करून, दिवा न लावता, डोळे पुरते न उघडता परत येऊन पडायचं. हात चादरीवर पालथा. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं दाबायचं, म्हणजे दाबायचा नुसता विचार करायचा, म्हटलं तरी चालेल. आपली सोलापुरी चादर अंथरलेली असेल तर तिची जाड वीण बोटांच्या टोकांना लागते. ती जेमतेम जाणवेल इतकाच जोर द्यायचा. बघणाऱ्याला बोट हललेलं दिसता कामा नये. मोजायचं नाही, स्वप्नाचा विचार करायचा नाही, लक्ष फक्त त्या दोन बोटांवर.

अर्ध्या मिनिटानं नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. श्वास आत गेला तर तुम्ही स्वप्नात आहात, कारण अंथरुणातलं खरं नाक मोकळंच आहे. ही तपासणी गाळणारे फार. खोली तीच दिसते, पंखा तोच, शेजारी भाऊ तसाच पसरलेला. माणूस म्हणतो, ‘जमलं नाही बुवा,’ आणि स्वप्नातच कूस बदलून झोपून जातो.

फिल्डला प्रयोगशाळेचा आधार नाही म्हटलं तरी चालेल, ती चालते करणाऱ्यांच्या अनुभवावर. पण उशीला डोकं लागताच ज्यांचा डोळा लागतो त्यांनी दुसरीकडे बघूच नये. आकड्यांच्या पद्धतीत असा माणूस आठाच्या पुढे जात नाही. उलट पाणी भरताना ज्याची झोप पार उडते, त्याच्या हाती या पद्धतीत फक्त बोटं हलवणं लागेल.

इंद्रियं

नेटवर सराव करणाऱ्या एका चिनी माणसानं बसवलेली ही पद्धत इंग्रजीत ‘एसएसआयएलडी’ या लांबलचक नावानं ओळखली जाते. पडल्यावर आधी मिटलेल्या पापण्यांमागच्या अंधाराकडे लक्ष द्यायचं, मग आवाजांकडे, मग अंगाच्या स्पर्शाकडे. पहिले चार-सहा फेरे भरभर, काही सेकंदांचे. नंतरचे तीन-चार फेरे संथ, प्रत्येक इंद्रियाला वीस-तीस सेकंद. काही दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे असा हट्ट नाही. मन भरकटलं तर पहिल्यापासून. फेरे झाले की आवडत्या कुशीवर वळायचं आणि सगळं सोडून झोपायचं.

काटेकोर बोलायचं तर हिला निव्वळ वाइल्ड म्हणता येणार नाही. कधी थेट प्रवेश होतो, पण बऱ्याचदा थोड्या वेळानं स्वप्नात भान येतं किंवा ‘जागा झालो’ असं खोटंच स्वप्न पडतं. म्हणून इथेही दर वेळी जाग आली की नाक दाबायचं. माझं मत विचाराल तर सुरुवात हिच्यापासूनच करावी. कारण हिच्यात भान ओढून ताणून धरावं लागत नाही, कुशीवर झोपता येतं, आणि चौघांत हिचीच नीट तपासणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे संशोधक डेनहोम ॲस्पी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पद्धत आणि जुनी ‘माइल्ड’ (झोपताना ‘स्वप्न ओळखायचं आहे’ असं मनात घोळवायची पद्धत) या दोघी बरोबरीत आल्या: साधारण सहा रात्रींच्या प्रयत्नांत एक सजग स्वप्न. आकडा छोटा वाटेल, पण या प्रांतात तो चांगला आहे.

योगनिद्रा

पहाटेच्या योगवर्गाला जाणाऱ्यांना ही आधीच ठाऊक असते. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी रुळवलेल्या या पद्धतीत उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष फिरवत नेतात. अंग इतकं छान सैल पडतं की वाइल्डला जाणाऱ्यांना हाच रस्ता वाटतो. पण योगनिद्रेला स्वप्नात जायचंच नसतं, झोप आणि जाग यांच्या सीमेवर थांबायचं असतं. रेकॉर्डिंग लावून झोपलात तर आणखी पंचाईत. नेमके काठावर येता आणि कानात कुणीतरी गोड आवाजात सांगतं, ‘हळूहळू डोळे उघडा.’ एकटी म्हणून ही पद्धत चौघांत सगळ्यात लंगडी. आकड्यांच्या आधी दहा मिनिटं, मनातल्या मनात, रेकॉर्डिंगशिवाय केली तर मात्र आकड्यांचं बळ वाढतं.

मग निवडायचं कसं

‘मला भान किती धरता येतं?’ असं लोक विचारतात. त्यापेक्षा ‘परत झोप किती लवकर लागते?’ हे बघा. ॲस्पी यांच्याच २०१७ च्या अभ्यासात माइल्डचा सराव संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांना जवळजवळ ४६ टक्के वेळा सजग स्वप्न पडलं. एकूण सरासरी होती १७ टक्क्यांच्या आसपास. आकडे माइल्डचे असले तरी दिशा कळते. जी पद्धत तुमची झोप कमीत कमी लांबवते ती तुमची.

म्हणजे घरात हिशोब असा बसतो. फक्त बटण दाबून यायचं आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचं, अशी सवय असेल तर बोटं. पंधरा-वीस मिनिटं जागरण होत असेल आणि झोप डोळ्यांवर तरंगत असेल तर इंद्रियं. तासभर बादल्या-पिंप करून, शेजाऱ्यांशी पाण्याच्या दाबावर चर्चा करून टक्क जागे झाला असाल तर योगनिद्रा आणि मग आकडे. मोबाइल हातात घेतलात तर यातलं काही नको, त्या दिवशी नुसतं झोपा.

दुपारच्या वामकुक्षीचं विचारतात लोक. दुपारच्या डुलकीत रेम पहाटेइतकी नसते, त्यामुळे तिथे मुक्कामाला पोहोचण्याची आशा कमी. पण चेहरे आणि रेघा बघण्याचा सराव करायला दुपार बरी. पडल्या पडल्या कोपरापासून हात उभा धरायचा. डोळा लागला की स्नायू सैल पडून हात आपटतो आणि जाग येते, त्या क्षणी काय दिसत होतं ते आठवायचं. सकाळी उठून तासाभरानं परत डुलकी काढायची चैन ज्यांना परवडते, त्यांची ती डुलकी दुपारपेक्षा कितीतरी सरस.

आणि मे महिन्यात हे काही सुरूच करू नका. रेम झोपेत शरीर आपलं तापमान नीट सांभाळू शकत नाही, आणि खोली तापलेली असली की रेम कमी होते. सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा गच्चीवर पडून वाइल्ड करणारा फक्त डास मोजतो. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम.

आता स्लीप पॅरालिसिस. मन जागं आणि अंग लुळं, छातीवर कुणीतरी बसलंय, दारात कुणीतरी उभं आहे. घरातली म्हातारी माणसं उशाशी लोखंड ठेवायला सांगतात ते यासाठीच. सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. रेमची स्नायू सैल ठेवणारी यंत्रणा चालू असतानाच जाग आली की हे घडतं. श्वास अडकल्यासारखा वाटतो, पण श्वासपटल काम करतच असतं. धडपड न करता संथ श्वास घ्यायचा, पायाचं एखादं बोट हलवायचा प्रयत्न करायचा, काही क्षणांत सुटतं. याची फार धास्ती असेल तर आकड्यांच्या वाटेला जाऊ नका, कुशीवर झोपून इंद्रियांची पद्धत करा.

मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, भास होत असतील, फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि पहाटे गाडी घेऊन पुण्याला निघणाऱ्यांनी झोप मोडून प्रयोग करू नयेत. मागात हात जाण्यापुढे कुठल्याच स्वप्नाची मातब्बरी नाही.

गॅलँटामिनच्या गोळीचं नाव नेटवर वाचलं असेलच. २०१८ साली लॅबर्ज आणि सहकाऱ्यांनी १२१ जणांवर केलेल्या प्रयोगात गोळीत औषध नसताना १४ टक्के, ४ मिलिग्रॅमला २७ आणि ८ मिलिग्रॅमला ४२ टक्के लोकांना सजग स्वप्न पडलं. गुण आहे, नाकारत नाही. पण ते अल्झायमरवरचं औषध आहे, मळमळ होते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणण्याची ही वस्तू नव्हे.

आठवड्यातून दोन-तीनच पहाटा द्या, रोज नको. महिना-दीड महिन्यात एकदाही काठ दिसला नाही तर हट्ट सोडून माइल्डकडे वळा. झोपताना ‘पुढच्या स्वप्नात मला स्वप्न ओळखायचं आहे’ असं मनात घोळवायचं आणि नुकत्याच पडलेल्या स्वप्नात आपण ते ओळखतोय असं डोळ्यांपुढे आणायचं. आणि कुठल्याही दारानं आत गेलात तरी लगेच उडायला निघू नका. आधी स्वप्नातले दोन्ही हात एकमेकांवर चोळा, तळव्यांचा स्पर्श जाणवेपर्यंत. लॅबर्ज यांच्या प्रयोगांत याने स्वप्न जास्त वेळ टिकल्याचं दिसलं आहे.