लंगड्या घोडीसाठी बोलावलं होतं, ५ पैकी ४ स्टार

शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरचा अनुभव आहे, थोडी तक्रार पण आहे म्हणून नाव मुद्दाम टाकत नाही.

मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर एक पांढरी घोडी दिसली, फासळ्या मोजून घ्या अशी, आणि पुढचा डावा पाय टेकवतच नव्हती. कपाळावर वरातीचा गोंडा तसाच लटकून राहिला होता. चहावाला म्हणे रात्री कोणीतरी सोडून गेलं भाऊ. १९६० च्या कायद्यात असं जनावर सोडणं गुन्हा आहे, पण सोडणारा सापडला तर ना!

शेल्टरवाल्यांनी फोन चौथ्यांदा उचलला, गाडी आली पाच तासांनी, ४५ डिग्रीत, आणि तीपण बिनरॅम्पची. शेवटी मुरुमाच्या ढिगाला गाडी मागून टेकवली आणि घोडीला त्यावरून आत घेतलं. वर डिझेलचे १,५०० मागितले, दिले मी, पण हे फोनवरच सांगायला काय झालं होतं? एक स्टार इथंच कापला.

पुढचं काम मात्र एक नंबर. मी मोठ्या प्रेमानं भिजवलेले चणे अन गूळ घेऊन गेलो तर तिथल्या ताईंनी पिशवी सरळ बाजूला ठेवली, म्हणाल्या उपाशी घोड्याला एकदम दाणा दिला तर पोटात कळ येऊन मरेल, त्याला उलटी पण होत नाही. थोडं थोडं वाळलं गवत, बस. धनुर्वाताचं इंजेक्शन लगेच, ग्लँडर्ससाठी रक्त हिसारच्या लॅबला, आणि रिपोर्ट येईपर्यंत घोडी वेगळी, तो रोग माणसालाही होतो म्हणून मला लांबूनच पाहू दिलं.

मला वाटलं हाड मोडलं, एक्स-रेसाठी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात न्यावं लागते काय. पण डॉक्टरांनी मोठ्या चिमट्यानं खूर दाबत दाबत दुखरी जागा शोधली, तळव्याला बारीक छेद दिला तर काळा पू निघाला, वास तर विचारूच नका. मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून त्यात पाय, अन वरून लहान पोराचं डायपर आणि चिकटपट्टी! मी हसलो, पण टिकते राजेहो. तिसऱ्या दिवशी पाय टेकवला तिनं.

घर मिळायला चार महिने गेले. माझ्या ओळखीच्या एकाला फार्महाऊसवर पोरं फिरवायला ही घोडी पाहिजे होती, मी शब्द टाकला तर शेल्टरवाले चक्क नाही म्हणाले, खूर वरून खालपर्यंत नवा यायला वर्षभर लागते, पाठीवर वजन नको. तेव्हा राग आला होता मला. शेवटी काटोलकडच्या एका संत्रावाल्याकडे दिली, त्यांच्याकडे आधीच एक म्हातारं तट्टू आहे, घोड्याला एकटं करमत नाही म्हणून हेच घर निवडलं म्हणे. वरात नाही, टांगा नाही, दर दीड महिन्याला नालबंद, असं सगळं कागदावर लिहून घेतलं.

दिवाळीत पाहून आलो, मला काही ओळखलं-बिळखलं नाही, तट्टूच्या मागंमागं फिरून राहिली होती.

फोन करणार असाल तर सकाळीच करा, आणि रॅम्पवाली गाडी आहे का अन डिझेलचं किती, हे आधी विचारून घ्या.