जर्मनीतल्या अपोथेकेचं डिजिटल लस सर्टिफिकेट: पाचपैकी साडेतीन

सेवा बंद पडल्यावर तिचा रिव्ह्यू लिहायचा म्हणजे वरातीमागून घोडं, माहितीये. पण जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने युरोपची हीच यंत्रणा आपल्या जागतिक नेटवर्कसाठी उचललीये, म्हणजे उद्या परत कुठली साथ आली (न येवो!) तर बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना बहुतेक असलेच क्यूआर कोड घेऊन फिरावं लागणार, तेव्हा आठवतंय तोवर लिहून टाकते.

रिव्ह्यू कशाचा, तर भारतात लस घेऊन आलेल्या माणसाला जर्मनीत औषधाच्या दुकानात, म्हणजे अपोथेकेत, जे युरोपियन डिजिटल कोविड सर्टिफिकेट काढून मिळायचं त्या सेवेचा. १४ जून २०२१ पासून दुकानं ही सर्टिफिकेटं द्यायला लागली, १ जुलैपासून ती अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये लागू झाली आणि ३० जून २०२३ ला तो कायदाच संपला. आपल्या खिशातून एक सेंट जायचा नाही, दुकानाला सरकार द्यायचं, सुरुवातीला एका सर्टिफिकेटमागे १८ युरो आणि जुलैपासून ६. १८ चे ६ झाल्यावर परदेशी कागद घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकाचा उत्साहाने कोण सत्कार करणार, असं माझं आपलं मत, पुरावा काही नाही. जर्मन माणसाची पिवळी लसवही बघून काम चुटकीसरशी व्हायचं आणि आमच्या कागदांना तिप्पट वेळ, पैसे मात्र तेवढेच.

आम्ही २०२१ चा उन्हाळा भारतात अडकलो होतो. २६ एप्रिलला जर्मनीने भारताला व्हायरस व्हेरियंटवाल्या देशांच्या यादीत टाकलं, विमानात फक्त जर्मन नागरिक आणि इथले रहिवासी, उतरल्यावर १४ दिवस घरात बंद. ते सैल झालं ७ जुलैला. तोवर नुसतं बसून राहण्यापेक्षा लस घेऊन टाकू म्हणून कोविनवर स्लॉट पकडायची ती मारामारी आम्हीही केली, कोविशील्डचा पहिला डोस मिळाला आणि १३ मेला दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आली का पंचाईत! नोकरी तिकडे वाट बघतेय. मग ७ जूनला केंद्र सरकारने सूट काढली की शिक्षण, नोकरी किंवा टोकियो ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येईल. म्हणजे सरकारी कागदावर आम्ही दोघं आणि ऑलिंपिकचे खेळाडू एका ओळीत, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. या सवलतीचा खरा फायदा पुढे कळला, कारण तिच्यामुळे सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर आला.

कोविनच्या सर्टिफिकेटबद्दल लोक खूप बोलतात म्हणून दोन शब्द. माल चांगला होता. लस, तारीख, बॅच, केंद्र सगळं इंग्रजीत, खाली डिजिटल सही असलेला क्यूआर, खरंखोटं तपासायला वेबसाइट. एवढं सगळं करून जन्मतारखेच्या जागी नुसतं वय छापलं! वय दर वर्षी बदलतं हो. त्याच मुद्द्यावरून ब्रिटनशी किती दिवस वाजलं आठवतंय का, सप्टेंबर २०२१ मध्ये आधी त्यांनी कोविशील्डच यादीत घेतली नाही, २२ तारखेला घेतली तर म्हणे लस चालेल पण सर्टिफिकेट नाही, मग भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना १० दिवस क्वारंटाइन लावलं आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने हात आवरता घेतला. गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये याच लसीचे ५० लाख डोस त्यांनी पुण्याच्या सीरमकडून मागवून स्वतःच्या लोकांना टोचले होते. असो. त्याच सुमारास पूर्ण जन्मतारीख असलेलं प्रवासाचं वेगळं सर्टिफिकेट कोविनवर आलं, पण आम्ही तोवर इकडे पोचून अपोथेकेच्या दारात उभे.

पहिल्या दुकानात सरळ नाही म्हणाले. कोविशील्ड आमच्या यादीत नाही, पुढचे या. वाद घालायला लागले तर मागे रांग, आणि जर्मनीत रांगेतल्या माणसाचा उसासा ऐकला की आपलं जर्मन अर्ध्यावर येतं. शिवाय हे काम करायचं की नाही हे दुकानाच्या मर्जीवर होतं, सक्ती नव्हती, त्यामुळे तक्रार तरी काय करणार.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी मात्र सगळी कसर भरून काढली. वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, आधी पासपोर्ट घेतला, मग कोविनचा कागद, मग खालचा पंतप्रधानांचा फोटो बघून पासपोर्टातला माझा फोटो बघितला, परत कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, हे कोण? सांगितलं. 'आच सो', म्हणजे अच्छा, असं म्हणाल्या, बाकी काही नाही. मग पासपोर्ट नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा कागदावरच्या नंबरशी जुळवला आणि जुळल्यावर जन्मतारीख पासपोर्टातून घेतली. कोविशील्डसाठी पाउल एर्लिश इन्स्टिट्यूटची, म्हणजे लसींचं काम बघणाऱ्या जर्मन सरकारी संस्थेची, वेबसाइट उघडून ॲस्ट्राझेनेकाच्या पोटात ते नाव सापडेपर्यंत वाचत बसल्या. सापडलं तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद. प्रिंटर कुरकुरला, प्रत्येक डोसचा वेगळा कागद बाहेर आला, वर मोठा काळापांढरा क्यूआर. नवऱ्याचंही लगेच करून दिलं.

दुकानदार एवढे सावध का होते हेही सांगायला पाहिजे, नाहीतर नुसतंच परदेशी म्हणून छळलं असं वाटायचं. जर्मनीत मूळ पुरावा ती पिवळी वहीच होती, बॅचचं स्टिकर आणि डॉक्टरचा शिक्का, बस्स. तसल्या खोट्या वह्या टेलिग्रामवर बिनधास्त विकल्या जायच्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओस्नाब्रुकच्या कोर्टाने तर असा निकाल दिला की खोटी वही अपोथेकेत दाखवली तरी तेव्हाच्या कायद्यात तो गुन्हाच बसत नाही, मग नोव्हेंबरमध्ये घाईघाईने कायदा बदलला. त्याआधी जुलैत दोन सुरक्षा तज्ज्ञांनी अस्तित्वातच नसलेल्या दुकानाच्या नावाने अपोथेकेंच्या पोर्टलवर खातं उघडून सर्टिफिकेटं काढून दाखवली होती, तेव्हा काही दिवस सगळीच सेवा थांबवली. आणि कोण किती डोस घेईल याचा तर काय भरवसा, माग्डेबुर्गच्या एका गृहस्थांनी २१७ वेळा घेतल्याचं पुढे २०२४ मध्ये संशोधकांनी रीतसर छापलं! अशा वातावरणात काउंटरवरच्या माणसाला आपला कागद संशयास्पद वाटला तर मी त्याला दोष देत नाही. न बघता नाही म्हणणाऱ्याला मात्र देते.

आता जे मला खरंच खटकतं ते. कोविनचा क्यूआर सही केलेला, युरोपचा क्यूआरही सही केलेला. युरोपच्या कोडात नाव, जन्मतारीख, लस, कितवा डोस, तारीख, देश आणि देणाऱ्याचं नाव एवढंच असतं, त्यावर सरकारी किल्लीची सही, आणि तपासणाऱ्या ॲपला ती सही इंटरनेट नसतानाही ओळखता येते. डिझाइन म्हणून सुंदर काम आहे, सोर्स कोडसुद्धा सगळ्यांना बघायला उघडा. पण हे दोन कोड एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यामुळे झालं काय, की भारताची डिजिटल सही जर्मनीत कोणी तपासलीच नाही, ती कागदावर छापून आणली, एका बाईंनी चष्म्यातून वाचली, हाताने टाइप केली आणि त्यावर जर्मनीची डिजिटल सही मारली. माझ्या सर्टिफिकेटवर देणारे रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मनीची सरकारी आरोग्य संस्था, असं दिसायचं, मधल्या चष्म्याचा उल्लेख कुठे नाही. एवढी सगळी गणितं त्या एका माणसाच्या मूडवर आणि चिकाटीवर टांगलेली. त्या दिवशी त्या सुट्टीवर असत्या तर मी विनालस.

आणि विनालस असणं म्हणजे काय ते त्या हिवाळ्यात जर्मनीत असलेल्यांना विचारा. २३ ऑगस्ट २०२१ पासून हॉटेल, जिम, सलून कुठेही आत जायचं तर लस, बरं झाल्याचा पुरावा किंवा टेस्ट. ११ ऑक्टोबरला फुकट टेस्ट बंद केल्या, १३ नोव्हेंबरला परत चालू केल्या. २४ नोव्हेंबरपासून ऑफिसला आणि ट्रेन बसमध्येही पुरावा, डिसेंबरपासून औषधं, किराणा वगैरे सोडून दुकानात शिरायलाही टेस्ट चालेना. जानेवारीत एका डोसच्या जॉन्सनवाल्यांना अचानक सांगितलं की तुमचं अर्धवट आहे, बरं झालेल्यांचे सहा महिने तीनवर आणले, फेब्रुवारीपासून युरोपात प्रवासासाठी दोन डोस २७० दिवसच चालणार. राज्याराज्यात वेगळं ते निराळंच. एवढ्या धांदलीत फोनमधला क्यूआर दाखवला की विषय संपायचा, हे सुख मी नाकारणार नाही, तीन स्टार त्याचेच. दारावरचे लोक स्कॅन तरी कुठे करायचे, बहुतेक जण स्क्रीनवर चौकोन दिसला की या या. त्यांना चौकोन ओळखीचा होता, भारताचा कागद नव्हता, इतकं साधं होतं ते.

नावांचा घोळ मात्र खास आपला. पासपोर्टात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. जर्मन लोकांच्या हिशेबाने ती दोन्ही माझीच पहिली नावं, म्हणजे मी अधिकृतपणे माझ्या नवऱ्याच्या नावाची बाई. हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डावर मात्र एकच नाव. बूस्टर इथल्या डॉक्टरकडे घेतला, त्यांनी कार्डावरून नाव उचललं, आणि फोनमधलं सर्टिफिकेटं ठेवायचं ॲप तर नाव आणि जन्मतारीख जुळली तरच सर्टिफिकेटं एका माणसाची समजणार. झालं, फोनमध्ये दोन बायका राहायला लागल्या, एकीने भारतात दोन डोस घेतलेले आणि दुसरीने थेट तिसरा. ॲपला वाटलं घरातलीच कोणीतरी असेल, कुटुंबाची सर्टिफिकेटं एकत्र ठेवायची सोय होतीच. नुकसान काही झालं नाही, बूस्टरवालीच्या जिवावर दोघी सगळीकडे फिरल्या. पण लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नानंतरच्या नावाचं आधार असलेल्या मैत्रिणींचं काय झालं ते विचारू नका, त्यांना काउंटरवर मॅरेज सर्टिफिकेट काढून दाखवायला लागलं.

कोव्हॅक्सिनवाल्यांसाठी मात्र या सेवेला शून्य. सासूबाई आणि बाबांनी दोन्ही डोस वेळेत घेतले, कोविनचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं, पण युरोपच्या औषध संस्थेची मान्यता नाही म्हणजे जर्मनीच्या लेखी लस घेतलीच नाही. डब्ल्यूएचओने ३ नोव्हेंबर २०२१ ला मान्यता दिली तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी होते, तरी जर्मनीने प्रवेशासाठी ती मानली १ जून २०२२ पासून. नातवाचं बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. बाबा अजून म्हणतात, लस काय अंगात जाऊन पासपोर्ट बघते का.

ज्यांच्याकडे भारतातले डोस आहेत त्यांनी एक काम मात्र करून ठेवा. कोविनचं लॉगिन नोंदवलेल्या भारतीय मोबाइल नंबरवरच्या ओटीपीवर चालायचं आणि परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं सिम रिचार्जअभावी कधी मरतं ते घरी कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा पीडीएफ उतरवून ठेवली नसेल तर नंबर जिवंत आहे तोवर उतरवा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी ताडून बघा. आणि हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाल तेव्हा भारतातले डोस पिवळ्या वहीत चढवून देतात का विचारा. आमच्या डॉक्टरांनी पासपोर्ट आणि कोविनचा कागद बघून चढवून दिले, बॅच नंबरसकट.