तोंडाच्या कोरडेपणावर आठ महिने: स्प्रे, जेल आणि पायलोकार्पिनच्या गोळ्या

गेल्या ऑगस्टपासून या एप्रिलपर्यंत मी कृत्रिम लाळेचे दोन स्प्रे, दोन जेल, झायलिटॉलच्या चघळायच्या गोळ्या आणि पायलोकार्पिन हे औषध वापरले आहे. यांपैकी काही गोष्टी कायम राहिल्या, काही कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि एका स्प्रेने उलट नुकसानच केले. मला शोग्रेन सिंड्रोम आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर हल्ला करते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या आजाराला मिळाले. प्रयोगशाळेच्या खिडकीवरचा मुलगा मात्र कागद वाचून दरवेळी ‘सजोग्रेन कोण?’ असा पुकारा करतो आणि आता मीही त्या नावाला ओ देते.

त्याआधीच्या दिवाळीत चकलीचा तुकडा टाळूला चिकटून बसला आणि पाण्याचा घोट घेतल्याशिवाय सुटला नाही, तेव्हा मी दोष मोहनाला दिला होता. पुढे ऑफिसात दूरध्वनीवर बोलताना जीभ दातांच्या मागे अडकू लागली, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय गिळेना आणि रात्री चार-पाच वेळा पाण्यासाठी उठावे लागू लागले. साखर तपासून झाली, ती व्यवस्थित निघाली. सर्दीसाठी अधूनमधून घेत असलेली सेटिरिझिन लाळ कमी करते म्हणून ती बंद करून पाहिली, पण फरक पडला नाही. खरा संशय आला तो आमच्या दंतवैद्यबाईंना. वर्षभरात चार दात हिरडीलगत किडले होते, आणि एरवी सहसा न किडणारे खालचे पुढचे दातही त्यांत होते. लाळेने सतत धुतली जाणारी ही जागा किडते म्हणजे मुळात लाळच नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले.

तिथल्या तपासण्यांपैकी एक विसरता येत नाही. पंधरा मिनिटे काहीही न चघळता, न बोलता, तोंडात जमेल ती लाळ मापाच्या पेल्यात सोडायची. मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी, म्हणजे पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरपर्यंतच लाळ जमली, तर ती या आजाराच्या बाजूची खूण धरतात. माझ्या पेल्यात ०.४ मिलिलिटर जमली आणि तीही फेसाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, हे मला त्या दिवशी कळले. रक्तात एसएसए नावाची प्रतिपिंडे सापडली, खालच्या ओठाच्या आतून बारीक ग्रंथी काढून केलेल्या बायोप्सीनेही निदान पक्के झाले.

साधने वापरायला घेतली तेव्हा माझा एकच प्रश्न होता की याने तोंड ओले होते का. पहिल्या दोन महिन्यांनंतर तो प्रश्न चुकीचा वाटू लागला. ओले तर साध्या पाण्यानेही होते, पण ते गिळले की दोन मिनिटांत जीभ पुन्हा चामड्यासारखी होते, आणि पाणी सतत पीत राहिल्यास तोंडात असलेली थोडीशी चिकट लाळही धुऊन जाते. त्यामुळे कोणते साधन किती वेळ टिकते आणि दिवसाच्या कोणत्या वेळेला ते उपयोगी पडते, एवढेच मी पाहू लागले.

स्प्रेपासून सांगते. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असलेला साधा, जवळपास बेचव स्प्रे औषधाच्या दुकानात सहज मिळतो. हा घटक लाळेसारखा बुळबुळीतपणा देतो. गालांच्या आत दोन आणि जिभेखाली एक असे तीन फवारे मारले की मला पंधरा ते वीस मिनिटे मिळतात. वाचताना हा काळ क्षुल्लक वाटेल, पण माझे काम विमा कार्यालयात दावेदारांशी बोलण्याचे असल्याने एक फोन पूर्ण होण्यासाठी तेवढा वेळ पुरतो. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना गर्दीत बाटली तोंडाला लावणे शक्य नसते. स्प्रे एका हाताने वापरता येतो. जेवताना मात्र त्याचा काहीच उपयोग नाही, कारण पहिल्या घासाबरोबर तो पोटात जातो.

दुसरा स्प्रे लिंबाच्या चवीचा होता. तो वापरल्यावर क्षणभर खरोखरच लाळ आल्यासारखी वाटे, म्हणून मी तो दिवसाला दहा-बारा वेळा वापरू लागले. तीन आठवड्यांत गार पाणीही दातांना झोंबू लागले. दंतवैद्यबाईंनी बाटली हातात घेऊन घटकांच्या यादीतले सायट्रिक आम्ल दाखवले. तोंडातील आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचे कवच विरघळू लागते. इतरांच्या तोंडात लाळेतील बायकार्बोनेट ते आम्ल शमवते आणि लाळेतीलच कॅल्शियम व फॉस्फेट झीज भरून काढतात, माझ्याकडे ती सोय नाही. ज्यांच्या तोंडात स्वतःचे दात आहेत त्यांनी आंबट चवीचा स्प्रे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कोरड्या तोंडासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत हा घटक असेल अशी शंकाही मला आली नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही.

घरगुती उपायांचीही तीच कथा. गालात आमसूल धरून ठेवण्याचा सल्ला मला किमान चार जणींनी दिला, आणि त्याने लाळ सुटते हे खरेच आहे, पण हिशेब लिंबाच्या स्प्रेसारखाच आहे. खडीसाखर दिवसभर चघळणे म्हणजे किडीला आमंत्रण. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, परंतु ते रोज आणि दीर्घकाळ खाल्ल्यास रक्तदाब वाढू शकतो, आणि माझा आधीच वरच्या बाजूला असतो. सासूबाईंनी सुचवलेले तूप तेवढे टिकले, तेही ओठांसाठी. जिभेवर त्याने मऊपणा येतो, ओलावा येत नाही.

रात्रीचा प्रश्न जेलने सोडवला आणि या आठ महिन्यांतील सर्वांत मोठा दिलासा तोच आहे. पहिली नळी भाचीने अमेरिकेहून आणलेल्या ‘बायोटीन’ नावाच्या जेलची होती. ती संपल्यावर इथे मिळणारे, ग्लिसरिन आणि सेल्युलोजचे जेल घेतले. मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही, चव सोडून. झोपण्यापूर्वी दात घासून वाटाण्याएवढे जेल बोटावर घ्यायचे आणि जीभ, टाळू, गालांची आतली बाजू यांवर पातळ थर द्यायचा. सुरुवातीला मी भरपूर लावत असे आणि सकाळी तोंडात खळीसारखे पापुद्रे येत. पातळ थर तीन तासांपर्यंत टिकतो. पूर्वी पाण्यासाठी उठायचे आणि प्यालेल्या पाण्यामुळे पुन्हा लघवीला उठायचे, असे चक्र होते. आता एकदा जाग येते, उशाशी ठेवलेली नळी अंधारात सापडते आणि झोप पूर्ण मोडत नाही.

नोव्हेंबरमध्ये जिभेची आग होऊ लागली, ओठांचे कोपरे चिरले आणि तिखट तर सोडाच, पेस्टही सहन होईना. मी जेलला दोष देऊन ते बंद केले. ते चुकीचे ठरले, कारण तो बुरशीचा संसर्ग होता. लाळ नसलेल्या तोंडात कॅन्डिडा अनेकदा पांढऱ्या थराऐवजी नुसत्या लालीच्या रूपात दिसते, त्यामुळे घरच्या घरी ओळखता येत नाही. क्लोट्रिमॅझोलच्या माउथ पेंटने दोन आठवड्यांत आराम पडला आणि जेल पुन्हा सुरू झाले.

झायलिटॉलच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. किडीचे जीवाणू या साखरेसारख्या गोड पदार्थावर वाढत नाहीत आणि चघळण्यामुळे उरलेल्या ग्रंथींना चालना मिळते. मला उपयोग झाला तो लोकलमधल्या सव्वा तासात. दिवसाला सहाच्या वर गेले की पोटात गुडगुड आणि पुढचे सगळे सुरू होते. ‘शुगर फ्री’ एवढेच छापलेले पाकीट झायलिटॉलचे असेलच असे नाही, म्हणून घटक वाचावेत. घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी, कारण झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी असते.

आता पायलोकार्पिन. वरच्या सर्व वस्तू बाहेरून ओलावा देतात, हे औषध मात्र ग्रंथीचा जो भाग अजून जिवंत आहे त्याला लाळ सोडायला लावते. दक्षिण अमेरिकेतील जॅबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानांत ते सापडते आणि काचबिंदूसाठी त्याचे थेंब फार पूर्वीपासून वापरात आहेत. माझी अडचण इथेच सुरू झाली. ‘पायलोकार्पिन ५ मिलिग्रॅम’ अशी चिठ्ठी दाखवल्यावर पहिल्या दुकानदाराने निःशंकपणे डोळ्यांच्या थेंबांची बाटली पुढे केली, आणि गोळ्या आहेत हे सांगितल्यावर अशा गोळ्या निघतच नाहीत असे ठामपणे ऐकवले. तिसऱ्या दुकानाने त्या मागवून दिल्या, तेव्हापासून संपण्याच्या आठवडाभर आधी मी सांगून ठेवते. औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी डोळ्यांची तपासणी करून घेतली आणि दम्याबद्दल विचारले, कारण अरुंद कोनाचा काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला दमा असल्यास हे औषध देत नाहीत.

सप्टेंबरअखेरीस रोज एका गोळीपासून सुरुवात केली, आता तीन घेते. पहिले पाच आठवडे घामाशिवाय काही हाती लागले नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात कपाळावरून अशा धारा लागत की समोर बसलेले दावेदार स्वतःहून पंखा माझ्याकडे वळवत. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात हे डॉक्टरांनी आधी सांगितले नसते, तर मी तेव्हाच सोडून दिले असते. सातव्या आठवड्यात डब्यातली पोळी-भाजी पाण्याच्या दोनच घोटांत संपली, एरवी बाटली संपत असे.

घाम पुढे कमी झाला, पण लघवीची घाई कमी झाली नाही, आणि मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. सकाळी साडेसातला घरी घेतलेली गोळी मला एकदा घाटकोपरला आणि एकदा दादरला उतरवून गेली. गोळीचा परिणाम साधारण तीन ते पाच तास टिकतो, हे लक्षात घेऊन मी वेळा बदलल्या. पहिली गोळी ऑफिसला पोहोचल्यावर, दुसरी जेवणाआधी पाऊण तास असली तरी पहिलीपासून पुरेसे अंतर ठेवून, आणि तिसरी घरी परतल्यावर रात्रीच्या जेवणासाठी. हा बदल डॉक्टरांना विचारून केला. तळलेले भरपूर खाल्ल्यावर गोळी उशिरा लागू पडते, हे सणासुदीला जाणवते.

मुंबईची हवा दमट असल्याने तोंड कमी कोरडे राहील ही समजूत पावसाळ्यातच गळून पडली. दिवसाचे आठ तास वातानुकूलित खोलीत आणि त्यात एसी लोकल, म्हणजे बाहेरच्या दमटपणाचा मला लाभच नाही. जानेवारीतल्या कोरड्या वाऱ्यांत रात्री तोंड अधिक सुकू लागले, तेव्हा हवेत बाष्प सोडणारे छोटे यंत्र घेतले. ते जेमतेम दोन महिने उपयोगी पडले. त्यानंतर खिडकीलगतच्या भिंतीवर ओल दिसू लागली आणि ते खोक्यात परत गेले. इथे ते घेण्याची घाई करू नये.

खर्चात गोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा, जेलचा त्याखालोखाल. पण जिथे पैसे खरोखर वाचले ते दातांत. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश, फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट आणि अल्कोहोलविरहित चूळ, एवढे सुरू केल्यापासून नवीन दात किडलेला नाही. यातले काहीही तोंडाला ओलावा देत नाही, त्यामुळे कंटाळा येऊन तेच आधी सुटते. माझेही एकदा सुटले होते.

मार्चमध्ये पेल्याची तपासणी पुन्हा झाली. त्या दिवशी सकाळची गोळी न घेता गेले होते आणि ०.५ मिलिलिटर लाळ जमली. आधीच्या ०.४ पेक्षा ती जास्त आहे असे मी उत्साहाने म्हटले, तेव्हा हा फरक मोजमापातलाच समजा, असे डॉक्टरांनी सांगितले. ग्रंथी बऱ्या होत नाहीत. गोळी असेपर्यंतच काम होते. आजाराचे इतर उपचार वेगळे चालू आहेत, आणि कानाखालच्या ग्रंथीची सूज काही आठवडे टिकून राहिली तर लगेच दाखवायला यायचे, ही सूचना दरवेळी मिळते, कारण या आजारात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. स्प्रे आणि जेलने बरे वाटत असले तरी ही तपासणी चुकवत नाही.

गेल्या रविवारी लोणच्यासाठी आणलेली कैरी चिरत होते. संध्याकाळची गोळी तासाभरापूर्वी घेतलेली होती. फोडीला तिखटमीठ लावले आणि तोंडाला पाणी सुटले. कैरी दंतवैद्यबाईंच्या वर्ज्य यादीत अगदी वर आहे. मी एकच फोड खाल्ली, पाण्याने खळखळून चूळ भरली आणि मऊ झालेल्या कवचावर ब्रश फिरू नये म्हणून अर्धा तास थांबून मग दात घासले.