शॉकअप बदलल्याचे पैसे घेतले, मारला होता नुसता काळा रंग

दिवाळीनंतरची गोष्ट. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जाताना गाडीच्या पुढून, डाव्या अंगाने, खडखड ऐकू यायला लागली. डब्यात सुटे नट टाकून हलवावेत तसा आवाज. गाडी २०१८ ची, ८६ हजार किलोमीटर झालेली. चार-पाच दिवस मी नीट कान देऊन ऐकलं. गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली तर आवाज नाही. उखडलेल्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं आणि दुसरं वर राहिलं, की खडखड. २०-३० च्या वेगाला जास्त. ब्रेकवर हलका पाय ठेवून बघितला, तरी आवाज तसाच.

गॅरेजवाल्याला हे सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्याने अर्ध्यातच थांबवलं. ‘तुम्ही ठेवून जावा, बघतो आम्ही.’ गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. गाडीत बसून एक चक्करसुद्धा न मारता त्याने ती थेट लिफ्टवर चढवली. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) बुशमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरात, हातभर लांबीची टॉमी (लोखंडी पहार) घालून जोर लावला आणि मला जवळ बोलावलं. ‘बघा साहेब, किती प्ले आलाय, किती ढिला झालाय. हायवेला चाक निखळलं म्हणजे?’

मी घाबरलो. दर गुरुवारी आईला घेऊन अक्कलकोटला जातो, मागच्या सीटवर दोन लहान मुलं असतात. आता कळतं की रबराच्या बुशला टॉमीने रेटलं तर तो चांगला असला तरी हलतोच. रबर असतंच त्यासाठी. बघायचं असतं ते रबर फाटलंय का, धातूपासून सुटलंय का. पण खाली जॅकेटातला माणूस टॉर्च मारून ‘बघा बघा’ म्हणत असताना एवढा विचार कुणाला सुचतो? चाक निखळण्याची भीती खोटी नाही, लोअर आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट खरंच गेला तर तसं होऊ शकतं. म्हणूनच ती दाखवून माणसाकडून काहीही कबूल करून घेता येतं.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. लोअर आर्मची जोडी ७,६००, शॉकअपची जोडी ९,८००, शॉकअप वरून गाडीला ज्यावर बसतो ते माउंट ३,४००, मजुरी ४,५००, अलाइनमेंट ७००. एकूण २६,०००. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी कशाला उगाच वाढवताय’ म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. १६,००० रोख मागून घेतले, उरलेले १०,००० यूपीआयने. जुने पार्ट कुठे आहेत विचारलं, तर ‘भंगारवाला सकाळीच घेऊन गेला’.

आसरा चौकापर्यंतही आलो नव्हतो, तेवढ्यात तीच खडखड. तिथूनच मागे वळलो. आता म्हणे स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) गेलाय, १८,००० लागतील. आदल्या दिवशीपर्यंत रॅकचा शब्दही निघाला नव्हता.

कारखान्यातल्या ड्रायव्हरने एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आधी शेजारी येऊन बसले. ‘चला, जिथं वाजतं तिथं न्या.’ दहा मिनिटं फिरलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘ब्रेकरवर वाजतं का?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग लिंक रॉड असणार.’

समजावूनही सांगितलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, स्टॅबिलायझर बार. त्याची टोकं दोन्ही बाजूंना लिंक रॉडने बऱ्याच गाड्यांत शॉकअपला बांधलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बारला पीळ बसत नाही, म्हणून लिंक गप्प. एकच चाक वर-खाली झालं की बार पिळला जातो आणि झिजलेला लिंकचा बॉल त्याच्या वाटीत आपटतो. गाडी चाकांवर उभी ठेवूनच त्यांनी हात आत घातला आणि डावा लिंक हलवला. टक, टक. माझ्याही हाताला लागलं ते. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना लिंकवर ताण येऊन हा खेळ कधीकधी दडून राहतो, म्हणाले.

मग चाक काढलं आणि मेस्त्री एकदम थांबले. ‘दादा, शॉकअप बदलले कोण म्हणालं तुम्हाला?’

आमच्या गाडीत लिंकचं वरचं टोक शॉकअपच्या अंगालाच बसतं. शॉकअप बाहेर काढायचा तर तो नट खोलावाच लागतो. तो नट गंजून लाल झालेला, त्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. शॉकअप मात्र काळाकुळकुळीत. मेस्त्रींनी नखाने रंग खरवडला, तर खाली वाळलेला चिखल. चिखलावरूनच रंग फिरवला होता, ब्रशचा एक केसही त्यात चिकटून राहिला होता. शॉकअप निघालेच नाहीत, म्हणजे वरचे माउंटही जुनेच. लोअर आर्म तेवढे खरोखर नवे होते, ज्यांची गरजच नव्हती.

दोन्ही लिंक आणि मजुरी मिळून १,६०० रुपये झाले. आवाज तिथेच बंद. जुने लिंक मेस्त्रींनी मी न मागताच कागदात गुंडाळून हातात दिले.

नट खोलायच्या आधी मी फोटो काढून ठेवले होते. ते घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. ‘पोराने केलं असेल’ म्हणत मालकाने ८,००० परत दिले, बाकीचं नाही म्हणाला. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. रोख दिलेल्या १६,००० चा पुरावा ती चिठ्ठी एवढाच आहे. सगळे पैसे यूपीआयने द्यायला हवे होते.

ज्यांनी गेल्या काही महिन्यांत सोलापुरात कुठेही शॉकअप बदलून घेतले असतील, त्यांनी आज एवढं करा. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे चाकामागचा भाग दिसतो, आणि मोबाइलचा टॉर्च मारून शॉकअपवरचे नट बघा. पान्याच्या ताज्या खुणा नसतील, तर गॅरेजला फोन करायच्या आधी फोटो काढून ठेवा.