कौलं घेताय? जुन्या भट्टीची की टनेल किल्नची

३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोलीकडे ज्यांची घरं उघडी पडली त्यातलं एक आमचं. तेव्हा कौलांचा एवढा तुटवडा होता की जी मिळाली ती उचलली, जुन्या पद्धतीच्या भट्टीतली, आणि पुढची-मागची पडवी त्यांनी शाकारून घेतली. माजघरावर शिल्लक राहिलेल्या कौलांनी कसंबसं एक वर्ष काढलं, मग तिथे टनेल किल्नची, म्हणजे बोगद्यासारख्या लांब भट्टीत भाजलेली, नवीन चढवली. म्हणजे एकाच घरावर दोन्ही, पाऊस तोच, वारा तोच.

दोन्ही मंगलोरीच. १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरला कारखाना काढला, तेव्हापासूनची ती धाटणी. प्रेसमध्ये छाप पाडतात त्यात फार फरक नाही, खरा फरक त्याच्या आधी आणि नंतर. नव्या कारखान्यात माती मळतानाच व्हॅक्यूमने आतली हवा काढून घेतात, त्यामुळे कौल घट्ट होतं. मग वाळवणं. जुन्या ठिकाणी शेडमध्ये घोड्यांवर, म्हणजे मांडण्यांवर, कौलं लावून ठेवतात, वाऱ्याकडची बाजू आधी सुकते, आधी आकसते आणि कौल तिकडे पीळ खातं. नव्यात बंद खोलीत भट्टीचीच वाया जाणारी गरम हवा सोडतात, सुरुवातीला दमट, म्हणजे वरचा थर आतल्याच्या पुढे पळत नाही.

भाजणीचं मला मंगलोरकडे एका कारखान्यात दाखवलं होतं. जुन्या हॉफमन भट्टीत कौलं जागेवर असतात आणि आग फिरते, वरून जळण टाकत टाकत पुढे नेतात. टनेलमध्ये उलटं, आग मधोमध कायम आणि कौलांच्या ट्रॉल्या हळूहळू पुढे सरकतात, आधी तापतात, मग साधारण हजार अंशाच्या आसपास भाजतात, मग निवतात. निवणंही घाईत झालं तर बारीक तडा जातो. ट्रॉलीवरच्या सगळ्यांना जवळपास सारखी आच मिळते, हॉफमनमध्ये थराथरात फरक पडतो.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते सांगतो. वाकडं कौल. रीपेवर, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्टीवर, ठेवलं की एक कोपरा उचललेला, बोटाने दाबलं की टक् करून बसतं, सोडलं की परत वर. खाच नीट बसत नाही. सरळ पावसात काही होत नाही, अख्खा आषाढ कोरडा जाईल, पण नैर्ऋत्येकडून झड आली की वारा पाणी त्या फटीतून वर ढकलतो आणि थेंब त्या कौलाखाली न पडता रीपेवरून वाशाला लागून दोन हात लांब पडतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन शोधायचं, सापडत नाही. सकाळी गडी चढतो, एक बसवताना दोन फोडतो, आणि आता वर चढणारी माणसंही मिळत नाहीत. पडवीवर दर पावसाळ्यात हे होतं. माजघरात चार पावसाळ्यांत एकदाही नाही, ते एवढ्या वाऱ्यात कोरडं राहिलेलं बघून खरंच बरं वाटतं.

जुनी वाईट असं मी म्हणणार नाही. स्वस्त पडतात, पन्नास हवी तर पन्नास मिळतात, आणि भट्टीतल्या चांगल्या जागची निघाली तर खणखणीत असतात. निवडून घेऊ देत असतील तर जरूर घ्या: जमिनीवर ठेवून डुगडुगतं का बघा, बोटाने वाजवा, बद्द आवाज आला तर बाजूला. पांढरे चुन्याचे ठिपके दिसले तर तेही नको, पाणी पिऊन फुगतात आणि तिथला पापुद्रा उडतो.

नव्यांचा त्रासही सांगायला हवा. गाडीभाडं धरून महाग पडली, आणि लांबीत अर्ध्या बोटाचा फरक होता म्हणून माजघराच्या सगळ्या रीपा उखडून परत ठोकाव्या लागल्या. सुताराची मजुरी आधीच धरा. शेवाळ दोन्हीवर येतं, माझ्याकडे नव्यांवर थोडं कमी. वानरं दोन्ही फोडतात, पण नवीन बदललं की पहिल्या हातात बसतं.

म्हणून त्याच लॉटमधली शंभर तरी जास्तीची मागवा आणि भिंतीला उभी लावून ठेवा, दुसऱ्या कारखान्याची खाच जुळेलच असं नाही. आमच्या पडवीची मी अजून बदललेली नाहीत, पुढच्या वैशाखात जमलं तर बदलीन. तोवर झड सुरू झाली की झोपाळा आत घेतो.