नॉनाचा नाताळ जपायचा तर: वही, व्हिडिओ की तिच्या शेजारी उभं राहणं?

माझं सासर न्यू जर्सीतलं, मूळ इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचं. गेल्या नाताळात नॉना, म्हणजे नवऱ्याची आजी, ८८ वर्षांची होती. २४ डिसेंबरचं जेवण तिने पहिल्यांदाच खुर्चीत बसून सांगितलं आणि आम्ही केलं. बकालाचा, म्हणजे खारवलेल्या सुक्या कॉड माशाचा, रस्सा पानात आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण प्रत्येकाला कळलं की चव तिची नाही. तेव्हापासून घरात एकच चर्चा आहे: हे सगळं टिकवायचं तर कसं? वही करायची, व्हिडिओ काढायचे, की सगळं सोडून तिच्या शेजारी उभं राहायचं? वर्षभर आम्ही तिन्ही करून पाहिलं. अशा घरात लग्न होऊन आलेल्या मराठी मुलामुलींना याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, म्हणून हा आढावा.

आधी जपायचं आहे ते काय, हे स्पष्ट हवं. नाताळच्या आदल्या रात्रीच्या या जेवणाला घरात 'ला विजिलिया' म्हणतात, बाहेर 'सात माशांची मेजवानी'. कॅथलिक पंथात सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे, त्यामुळे दक्षिण इटलीत त्या रात्री मासळी शिजायची. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यांतली बहुतेक कांपानिया, सिसिली, कालाब्रिया अशा दक्षिणेकडच्या गरीब भागांतली. त्यांच्याबरोबर ही रीत आली, पण मोजून सात मासे आणि तसं नाव हे मुख्यतः अमेरिकेतच रुजलं. सातच का, याची उत्तरं घरागणिक वेगळी. कुणी चर्चचे सात संस्कार सांगतं, कुणाकडे नऊ किंवा तेरा प्रकार होतात.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९१७ च्या कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत नाताळच्या आदल्या दिवशीचा उपास बंधनकारक होता, १९८३ च्या संहितेत तो नाही. म्हणजे आज २४ तारखेला कुणी स्टेक खाल्ला तरी नियम मोडत नाही. हे जेवण आता निव्वळ घरच्यांच्या हौसेवर उभं आहे. घराने सोडलं की संपलं.

वही

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांना सुचणारा मार्ग. नॉनाच्या डब्यात पाककृतींची जुनी कार्डं होती, काही तिच्या आईच्या हातची. ती वाचताना मला माझ्या आजीची वही आठवली. इटालियन पाककृतींत 'क्वांतो बास्ता' असं येतं, आपलं 'चवीपुरतं' किंवा 'लागेल तेवढं' तसंच. त्या दोन शब्दांत निम्मी पाककृती दडलेली असते.

कार्डांची खरी अडचण मापांची आहे. 'एक ग्लास तेल' लिहिलेलं, पण तो ग्लास केव्हाच फुटलेला. 'यीस्टची एक वडी' म्हणजे ओल्या यीस्टची छोटी वडी. आज तिच्या जागी ७ ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं एक पाकीट चालतं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. 'टोमॅटोचा डबा' म्हणजे बहुधा २८ औंसांचा, जवळपास ८०० ग्रॅम. अंड्यांचा आकार बदलला आहे. एका कार्डावर डुकराची चरबी खोडून वर क्रिस्को, म्हणजे डालड्यासारखं वनस्पती तूप, लिहिलं आहे. कुठलं खरं? मी दोन्ही ठेवलं, खोडलेलं सुद्धा. अमेरिकेत आल्यावर स्वयंपाक कसा बदलला, ते त्या एका रेघेत दिसतं.

गोडाच्या पदार्थांना वही पुरते. स्त्रुफोली म्हणजे पिठाच्या बारीक गोळ्या तळून मधात घोळवायच्या आणि वर रंगीत साखरेचे दाणे पेरायचे. मला त्यात शंकरपाळे आणि बुंदीचा लाडू दोन्ही दिसतात. पीठ, अंडी, मध नीट मोजून लिहिलं की नवखी व्यक्तीही जवळपास पोचते. बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनिसच्या पिझेल्लेचंही, म्हणजे साच्यात भाजलेल्या पातळ नक्षीदार बिस्किटांचंही, तसंच. त्यांचा साचा मात्र जपा. जुन्या लांब दांड्याच्या लोखंडी साच्यांवर कधी कधी घराण्याची आद्याक्षरं कोरलेली असतात, आणि तो आपल्या चकलीच्या सोऱ्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या हातोहात जातो.

बकालाला मात्र वही पुरत नाही.

व्हिडिओ

हात दाखवण्यात व्हिडिओला तोड नाही. पिठाची वळी किती जाड, सुरी कुठल्या कोनात, बोटांचा दाब किती, हे चार ओळींत लिहिता येत नाही. आणि आवाज! नॉना माकुलाला 'गालामाद' म्हणते, रिकोता चीजला 'रिगोट'. जुन्या दक्षिणी बोलींतून आलेले, शेवटचा स्वर गिळणारे हे उच्चार नातवंडांच्या तोंडून जवळजवळ गेले आहेत. ते वहीत उतरत नाहीत.

पण आमचा पहिला प्रयत्न फसला. कॅमेरा लावताच ती अवघडली, रोजच्यापेक्षा सावकाश आणि 'शिकवल्यासारखं' करू लागली, आणि नेमका लसूण कधी काढला ते कुणाच्या फोनमध्ये आलंच नाही. दुसऱ्यांदा फोन कपाटावर टेकवून ठेवला आणि सगळे नेहमीसारख्या गप्पा मारत बसलो. ते चित्रण जास्त उपयोगी ठरलं. नुसत्या गप्पा टिकवायच्या असतील तर स्टोरीकॉर्प्स ही २००३ पासून चालणारी संस्था साधारण ४० मिनिटांचा संवाद ध्वनिमुद्रित करते, आणि संमती असेल तर तो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन केंद्रात जतन होतो. घरचं चित्रण निदान दोन घरांत ठेवा. एका फोनवर अवलंबून राहू नका.

व्हिडिओची मर्यादा एकच, पण मोठी: वास आणि चव. मध उकळताना नॉना नाकाने ठरवते. पडद्यावर फक्त फेस दिसतो.

शेजारी उभं राहणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि माझ्या मते पहिला निवडायचा मार्ग. आजीचे हात अजून चालत असतील, तर बाकीचे दोन्ही पुढच्या वर्षी करा. हा पुढच्या वर्षी करता येईलच असं नाही.

नुसतं बघत उभं राहिलं तर विसरायला होतं. आम्ही वजनकाटा घेऊन उभे राहिलो. तिला मोजायला सांगायचं नाही, त्याने तिचा हात बिघडतो. पिठाचा डबा, तेलाची बाटली, मिठाचं भांडं आधी वजन करून ठेवायचं, तिला हवं तितकं घेऊ द्यायचं आणि नंतर पुन्हा वजन करायचं. फरक वहीत लिहायचा. तीन वेळा केलं तेव्हा कळलं की तिची 'मूठभर' अजमोदा (पार्सली) दर वेळी दोन-चार ग्रॅमच्या आतबाहेर असते.

बकाला म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. नुसता वाळवलेला, मीठ न लावलेला तो स्तोक्काफिस्सो. दुकानात दोन्ही शेजारी असले तर गल्लत करू नका. गोव्यात पोर्तुगीजांमुळे बाकाल्याव ओळखीचा आहे, आणि सुका बांगडा भिजवलेल्या माणसाला हे काम परकं वाटणार नाही. दोन ते तीन दिवस फ्रीजमध्ये पाण्यात ठेवायचा, दिवसातून दोन-तीनदा पाणी बदलायचं. गेल्या वर्षी आमचं इथेच चुकलं. कार्डावर 'दोन दिवस' होतं, आम्ही तेवढंच केलं. नॉना मात्र तुकड्याची जाडी दाबून पाहते, आणि जाड पाठीच्या तुकड्याला तिसरा दिवस देते. शेपटीकडचा भाग ती आधी काढून वेगळा ठेवते. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. हाताशी हात लावल्याशिवाय ही गोष्ट मिळत नाही.

सगळे सात की थोडे?

एकट्या घराने सात प्रकार करणं आता जड जातं, खर्चानेही. आम्ही सुचवतो ती वाटणी: एकेका घराकडे एकेक पदार्थ कायमचा. थोरल्या दिराकडे तिसऱ्यांची लिंग्विनी (लांब चपटा पास्ता), नणंदेकडे तळलेली माकुलं, आमच्याकडे बकाला. दर वर्षी तोच हात तोच पदार्थ करतो, म्हणून तो हात तयार होतो. याचा तोटा असा की एखादं कुटुंब दूर गेलं तर पदार्थही जातो, म्हणून प्रत्येकाने आपल्याखेरीज आणखी एक पदार्थ शिकून ठेवावा.

विकत आणण्यात कमीपणा मानू नका. ब्राँक्सच्या आर्थर अ‍ॅव्हेन्यूवर किंवा दक्षिण फिलाडेल्फियाच्या नाइन्थ स्ट्रीटच्या बाजारात पाव आणि मिठाई उत्तम मिळते. वाम आमच्याकडे आता कुणी खात नाही, ती आम्ही सोडली. नॉनाला विचारून सोडली.

यंदा ठरलं आहे ते असं. स्त्रुफोलीची रंगीत तालीम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, वजनकाट्यासह, नॉना खुर्चीत पण खुर्ची ओट्याला लागून. बकाला २१ डिसेंबरच्या संध्याकाळी पाण्यात. २४ ला सकाळी एक छोटा तुकडा उकडून नॉनाने चाखायचा, खारट लागला तर दुपारपर्यंत आणखी दोन पाणी. पाणी बदलायची जबाबदारी नणंदेच्या १२ वर्षांच्या मुलाकडे दिली आहे, आणि तुकडा दाबून कसा पाहायचा ते नॉनाने त्याचं बोट धरून दाखवलं आहे.